सोळा फुटांच्या खोलीतला खर्ज

भूगाव-भुकूमपासून पिरंगुट ओलांडून पौडपर्यंत आणि तिथून धरणाच्या कडेकडेनं थेट ताम्हिणीच्या तोंडापर्यंत, मुळशी तालुक्यात पुण्या-मुंबईकरांची घरं उभी राहत गेली. त्यांतल्या काही घरांत एक खोली हौसेनं राखून ठेवलेली असते, गाणं ऐकायची. शहरात शेजाऱ्यांपायी जे जमलं नाही ते इथं निवांत करायचं, असा बेत. खोलीला व्हिट्रिफाइड टाइल्स, पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती, पाणी दिसावं म्हणून एका बाजूला आठ फुटी काच, वर सपाट स्लॅब. मग चांगले स्पीकर येतात आणि पहिल्याच ख्यालाला कळतं की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, कपाटांच्या आणि गाद्यांच्या गर्दीत, जुना टू-इन-वन ज्या सफाईनं वाजायचा ती सफाई इथं नाही. बंदिशीचे शब्द एकमेकांत मिसळतात, तबल्याची चाट कानाला टोचते आणि डग्गा मधेच एखाद्या सुरावर फुगून बसतो.

इथून पुढे बहुतेक जण अ‍ॅम्प्लिफायर बदलतात, नाहीतर मनगटाएवढी जाड केबल विकत आणतात. माझं मत विचाराल तर खोली दुरुस्त होईपर्यंत हा सगळा खर्च वाया जातो. स्पीकरमधून निघालेला आवाज कानावर एकदा थेट येतो आणि मग भिंती, जमीन, छत यांवर आपटून शेकडो वेळा येत राहतो. या दुसऱ्या आवाजाचं काय करायचं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

याच तालुक्यातलं जुनं घर आठवून पाहा. उतरतं कौलारू छप्पर, मातीच्या नाहीतर कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, माळ्यावर सरपण, पेंढा, भाताची पोती. समोरासमोर दोन कडक सपाट पृष्ठभाग त्या घरात सापडणं मुश्कील. कौलांच्या फटींतून आवाज निघून जायचा, पेंढ्यात आणि पोत्यांत जिरायचा. ते घर कुणी गाण्यासाठी बांधलं नव्हतं, पण त्यात बोललेला शब्द घुमत नसे. आपण बांधली ती सिमेंटची पेटी. तिच्यात आवाजाला जायला वाटच ठेवलेली नाही.

आधी एक गल्लत दूर करू. बाहेरचा आवाज आत न येणं ही एक गोष्ट आणि आतला आवाज आत नीट ऐकू येणं ही दुसरी. पहिलीला वजन आणि हवाबंदपणा लागतो, म्हणजे जाड भिंत, जड दार, चौकटीला रबरी पट्टी आणि फटींत सिलिकॉन. दुसरीला मऊ, सच्छिद्र, हवा खेळेल असं काहीतरी लागतं. भिंतीला फोम चिकटवला की रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज थांबेल अशी आशा कुणी धरू नये. फोममधून आवाज आरपार जातो; तो फक्त भिंतीवरून परत येणारा आवाज कमी करतो. मुळशीत बाहेरच्या आवाजाचा त्रास रात्री फारसा नसतोच, आणि ही खरी श्रीमंती आहे. पौड रस्त्यापासून जरा आत गेलं की रात्रीची शांतता इतकी खोल असते की आवाज कमी ठेवूनही आलापातला श्वास ऐकू येतो. अपवाद पावसाचा. पन्हाळी पत्र्याच्या छपराखाली आषाढात ऐकणं विसरावं. पत्रा राहणारच असेल तर त्याखाली रॉकवूल भरून जिप्समचं सीलिंग घालावं लागतं. स्लॅब असेल तर ही चिंता नाही.

आता मूळ कामाकडे. खोली किती घुमते हे मोजायची रीत १८९५ मध्ये सुरू झालेल्या एका कामातून आली. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द कळेना. उच्चारलेला शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला सांगितलं गेलं, यावर काहीतरी कर. त्यानं रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि त्या सभागृहात थोड्या थोड्या मांडत गेला. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी गाद्या परत जागेवर. या उद्योगातून जे सूत्र निघालं ते आजही सुतारापासून वास्तुविशारदापर्यंत सगळ्यांना पुरतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. येणारं उत्तर सेकंदांत असतं. आवाजाची ऊर्जा दहा लाखांश व्हायला लागणारा तो वेळ, म्हणजे निनादकाळ.

शोषण मोजायचं माप सॅबाइननं फार सुरेख निवडलं: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक एकक. बाकी प्रत्येक वस्तू तिच्या तुलनेत मोजायची. गुळगुळीत गिलावा आणि टाइल आपल्या क्षेत्रफळाच्या दोन-तीन टक्केच शोषतात. जाड, चुण्या पडलेला मखमली पडदा मधल्या सुरांपैकी निम्मे गिळतो. चार इंच जाडीची रॉकवूलची पाटी जवळपास सगळे.

आपली खोली १२ फूट रुंद, १६ फूट लांब, १० फूट उंच धरू. मीटरमध्ये ३.६६, ४.८८ आणि ३.०५. घनफळ साधारण ५४.५ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ८८ चौरस मीटर. रिकामी असताना तिचं शोषण फार तर साडेतीन एकक. ५४.५ गुणिले ०.१६१ भागिले ३.५, म्हणजे अडीच सेकंद. अडीच सेकंदांत द्रुत तानेतले किती स्वर येऊन जातात याचा विचार करा. ते सगळे एकाच वेळी हवेत तरंगत असतात. घरी ऐकायच्या खोलीला ०.४ ते ०.५ सेकंद बरा. अर्ध्या सेकंदाला आपल्याला साडेसतरा एकक शोषण लागेल, म्हणजे आणखी चौदा जमवायचे.

ते असे जमतात. कापडी सोफा आणि त्यावर दोन माणसं मिळून अडीच. तीन मीटर बाय तीन मीटरचा जाड लोकरी गालिचा आणखी अडीच. काचेवर छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा, सपाट ताणलेला नव्हे तर काचेच्या दुप्पट कापडाचा चुण्या पाडलेला, आठ चौरस मीटर: चार. पुस्तकांचं उघडं कपाट एक. राहिले चार, त्यासाठी दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी. हिशेब इथं पुरा झाला आणि अजून कुठल्याही कंपनीचा फोम विकत घेतलेला नाही.

जुन्या बैठकीत हा हिशेब न मांडता जमलेला असे. वाड्यातल्या दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत कापसाच्या गाद्या, त्यावर पांढऱ्याशुभ्र चादरी, कडेनं लोड-तक्के, आणि खचाखच बसलेली माणसं. लाकडी तक्तपोशीचं छत. कापसाची चांगली पिंजलेली गादी हे आवाज शोषायचं उत्तम साधन आहे आणि माणूस त्याहून उत्तम. चाळीस रसिक म्हणजे वीस-पंचवीस चौरस मीटर उघड्या खिडक्या. गवई भिंतीला पाठ करून बसायचा, समोर सगळं मऊ, त्यामुळे आवाज समोर जायचा आणि मागून परत यायचा नाही. मुळशीतल्या घरात सोफ्याऐवजी गाद्या-लोडांची बैठक घातली तर निम्मं काम तिथंच होतं. पाठ मात्र तक्क्याला टेकवायची, भिंतीला नाही. त्याचं कारण पुढे येतं.

इथपर्यंतचा हिशेब मधल्या आणि वरच्या सुरांचा. खालच्या सुरांचं गणितच वेगळं, आणि खरी अडचण तिथं आहे.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ७० हर्ट्झच्या सुराची एक लहर ४.९ मीटर लांब असते. आपली खोली ४.८८ मीटर. म्हणजे ती लहर दोन भिंतींमध्ये नेमकी मावते, इकडून तिकडे आपटून स्वतःवरच येऊन बसते आणि वाढत जाते. प्रत्येक खोलीला असे स्वतःचे सूर असतात: ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागलं की पहिला सूर मिळतो, मग त्याची दुप्पट, तिप्पट. आपल्या खोलीच्या लांबीचे सूर ३५, ७० आणि १०५ हर्ट्झ. रुंदीचे ४७ आणि ९४. उंचीचे ५६ आणि ११२. आता पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या जरा वर. सोळा फुटांच्या खोलीला हा खर्ज हवाच असतो. तारेतला मूळ सूर खरं तर बारीक. जवारीमुळे वरचे उपस्वरच जास्त बोलतात. पण खोलीनं त्या बारीक सुराला उचलून धरलं की गाण्याखाली एक न थांबणारी गुरगुर सुरू होते.

डग्ग्यावर हे आणखी स्पष्ट कळतं. वादक मनगटाच्या दाबानं डग्ग्याचा सूर खालून वर चढवतो, तेव्हा तो सूर खोलीच्या दोन-तीन सुरांवरून घसरत जातो. चांगल्या खोलीत ही चढण सलग ऐकू येते. वाईट खोलीत ती एका ठिकाणी फुगते आणि पुढच्याच ठिकाणी नाहीशी होते. खोली तपासायला मी कुठल्याही चाचणीच्या ध्वनिफितीपेक्षा विलंबित त्रितालातला स्वच्छ ध्वनिमुद्रित ठेका पसंत करतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र या कामाच्या नाहीत. १९२५ पूर्वीच्या, मायक्रोफोन नसताना कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत इतका खालचा सूर उतरतच नसे. म्हणून त्या कुठल्याही खोलीत सारख्याच वाजतात आणि खोलीचे दोष झाकून ठेवतात.

परदेशी पुस्तकांतला आणि व्हिडिओंमधला सल्ला इथं फसतो तो याच ठिकाणी. अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून उभारलेलं असतं. ती भिंत खालच्या सुरांबरोबर थरथरते, त्यातले बरेच गिळते, बरेच बाहेर सोडते. आपली नऊ इंची विटेची भिंत आणि सहा इंची स्लॅब जागची हलत नाही. खर्ज आत कोंडून राहतो. तिकडे चार पॅनेलमध्ये भागतं ते इथं भागत नाही, आणि तिकडच्या एखाद्या ग्राहकानं वाखाणलेला मोठा सबवूफर इथं घर डोक्यावर घेतो. सिपोरेक्सच्या ब्लॉकची भिंत हलकी असल्यानं विटेपेक्षा थोडी सैल पडते, पण फार नाही. गंमत म्हणजे ज्या जिप्समच्या फॉल्स सीलिंगला संगीतप्रेमी नाकं मुरडतात, ते खालच्या सुरांसाठी उपकारक ठरतं. स्लॅबखाली सहा-आठ इंच पोकळी, तीत रॉकवूल आणि खाली बोर्ड, असा पडदा खालच्या सुरांचं बरंच शोषण करतो. घर अजून बांधून व्हायचं असेल तर एवढं नक्की करून घ्यावं.

बांधून झालं असेल तर पहिला उपाय फुकट आहे: जागा बदलणं. खोलीच्या प्रत्येक सुराचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर डग्गा सदैव फुगलेला. ७० हर्ट्झचा सूर खोलीच्या मध्यावरही, म्हणजे आठ फुटांवर, तितकाच जोरात असतो आणि भिंतीपासून चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. त्याच खोलीत, त्याच तानपुऱ्याचा खर्ज एका खुर्चीत दणदणतो आणि चार फूट सरकलं की गायब. मधली जागा शोधायची. मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर कान आले तर कुठलाच सूर टोकाला जात नाही. स्पीकरचंही तसंच. समोरच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर ठेवलेला स्पीकर ७० च्या सुराला फारसा हलवू शकत नाही. खर्ज फारच छळत असेल तर तिथं ठेवा; तो पुरता हरवल्यासारखा वाटला तर तीन फुटांवर आणा. तीन फुटांवर ठेवले तर स्पीकर आणि कान यांत सात फूट उरतात, आणि दोन स्पीकरांमध्येही साडेसहा-सात फूट ठेवले की समभुजाच्या जवळ जाणारा त्रिकोण जुळतो. बारा फुटांच्या रुंदीत दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात. डावी-उजवी बाजू सारखी राहील हे मात्र पाहावं. एका बाजूला काच आणि दुसरीकडे पुस्तकांचं कपाट असेल तर गवई एकीकडे कलतो.

मग आरसा घ्यायचा. ऐकणाऱ्यानं आपल्या जागी बसायचं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथं आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाजाची पहिली उसळी कानाला लागते. ती थेट आवाजाच्या मागोमाग तीनेक सहस्रांश सेकंदांत येते, इतक्या लवकर की कानाला ती वेगळी कळत नाही. दोन्ही आवाज मिसळून चाटेचा कोरीव बोल बोथट होतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये दाखवलं होतं की तीसेक सहस्रांशाच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून टाकतो. सहांपैकी चार चौकटी या जागांवर लागतात: डावीकडे एक, उजवीकडे एक आणि दोन छताला, कान आणि स्पीकर यांच्या मधोमध. जमिनीवरची उसळी गालिचा घेतो. उरलेल्या दोन मागच्या भिंतीवर.

चौकटी सुताराकडून करून घेता येतात, त्यात कसलीही जादू नाही. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात पाइनच्या पट्ट्या मिळतात. चार इंच खोलीची चौकट, मागे आडव्या दोन पट्ट्या. आत ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या, दोन इंची रॉकवूलच्या दोन पाट्या एकावर एक. पाट्यांचं माप आधी घ्यावं आणि मग चौकट कापावी, उलटं केलं तर तुकडे जोडत बसावं लागतं. रॉकवूलवर नॉनवोव्हन कापडाचा एक थर, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत, आणि वरून मांजरपाट किंवा खादी. कापड निवडायची कसोटी सोपी: तोंडाशी धरून फुंकर मारायची, आरपार गेली तर ते चालेल. रेक्झिन, रंग मारलेलं कॅनव्हास, घट्ट विणीचं सोफ्याचं कापड चालणार नाही. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क.

चौकट भिंतीला चिकटवू नये, मागे तीन-चार इंच जागा सोडावी. भिंतीला लागून हवेचे कण जवळपास स्तब्ध असतात, आणि सच्छिद्र वस्तू हलणाऱ्या हवेलाच घर्षणानं थोपवते. जितकं भिंतीपासून दूर, तितकी हवा हलती आणि तितके खालचे सूर पकडीत. याच हिशेबानं एक-दोन इंची फोम का निरुपयोगी तेही कळतं. १००० हर्ट्झच्या लहरीचा पाव भाग साडेआठ सेंटिमीटर. ७० हर्ट्झचा सव्वा मीटर. पातळ फोम जवारीतले उपस्वर खाऊन टाकतो आणि खर्जाला हातही लावत नाही, म्हणजे खोली होती त्याहून बेढब. अंड्यांच्या ट्रेबद्दल बोलायलाच नको; कागदी लगद्याचा तो पातळ पापुद्रा काहीच करत नाही, शिवाय भडकन पेटतो. पीयू फोमही पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल जळत नाही. बंद खोलीत, विजेच्या उपकरणांशेजारी, मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

मुळशीत मागे जागा सोडण्याला दुसरं कारण आहे, ओल. ताम्हिणीकडून जसजसं पूर्वेला यावं तसतसा पाऊस झपाट्यानं कमी होतो, तरी पौडच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळत असतात. पश्चिमेची झड खाणाऱ्या भिंतीला घट्ट बसवलेली चौकट गणपतीपर्यंत मागून बुरशीनं काळी पडते. मागून हवा खेळली तर वाचते. भिजलेलं रॉकवूल बसतं, जड होतं, आणि वास मारतं. चौकटी खुंट्यांवर टांगलेल्या असाव्यात, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर उतरवून पाहता येतात; लाकडाला वाळवीचं औषध लावलेलं बरं. लोकरी गालिच्याला आणि घोंगड्यांना कसर लागते, त्यासाठी डांबरगोळ्या आणि दसऱ्यानंतरचं ऊन. धनगरी घोंगडी भिंतीपासून चार इंचांवर दांडीला टांगली तर मधले-वरचे सूर चांगले आवरते आणि दिसतेही छान. पण तीही खर्जाच्या कामाची नाही.

खर्जासाठी कोपरे. दोन भिंती आणि छत, किंवा दोन भिंती आणि जमीन, जिथं मिळतात तिथं खोलीच्या सगळ्या सुरांचा जोर एकवटतो. तिथं जमिनीपासून छतापर्यंत त्रिकोणी आकारात रॉकवूल रचायचं. समोरची बाजू दोन-अडीच फूट रुंद, कोपऱ्यातली पोकळीसुद्धा भरलेली. हे अवजड दिसतं, घरातल्यांची संमती लागते, आणि खर्च भिंतींच्या चौकटींपेक्षा जास्त होतो. तरी चारपैकी दोन कोपरे तरी भरावेत, शक्यतो स्पीकरच्या मागचे. याशिवाय उरलेली सगळी सजावट म्हणजे वरवरची डागडुजी. एखाद्या कोपऱ्यात दार आलं असेल तर जमिनीच्या किंवा छताच्या कडेनं आडवं भरलं तरी चालतं. आवाजाला उभं-आडवं सारखंच.

काचेचं काय? ज्या दृश्यासाठी घर बांधलं ते कायम पडद्याआड ठेवायला कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये. दिवसा पडदा बाजूला, ऐकताना ओढलेला. थंडीत, पाऊस नसताना, काच सरकवून पूर्ण उघडावी. चार-पाच चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे सॅबाइनचे पूर्ण चार-पाच एकक, तेही बिनखर्चाचे, आणि कोंडलेल्या खर्जालाही बाहेर जायला वाट मिळते. शेजारी लांब असल्याचा हा फायदा.

सगळं झालं की टाळी वाजवून पाहायची. रिकाम्या खोलीत टाळीमागे टर्रर असा धातूसारखा आवाज यायचा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज सेकंदाला सत्तेचाळीस वेळा येरझारा घालत असल्याची ती खूण. तो गेला असला पाहिजे. टाळी अगदीच मेल्यासारखी, उशीत मारल्यासारखी वाटली तर शोषण जास्त झालं. एखादी चौकट काढावी, नाहीतर मागच्या भिंतीवर चौकटीऐवजी पुस्तकं ठेवावीत. वेगवेगळ्या उंचीची, पुढे-मागे सरकलेली पुस्तकं आवाज गिळण्यापेक्षा विखुरतात. मॅनफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात अंकगणिताच्या आधारे खोल-उथळ खाचांची जी फळी सुचवली तिचंही काम हेच. घरगुती खोलीला मी पुस्तकांवर समाधान मानीन.

शोषणाची हाव धरू नये याला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या एनसीपीएमधलं टाटा थिएटर १९८० मध्ये खुलं झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनीची आखणी सिरिल हॅरिस यांची. मायक्रोफोनशिवाय सतार शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी म्हणून तिथं वास्तूच वाद्यासारखी घडवली आहे. आपल्या खोलीला ते करायचं नाही. ध्वनिमुद्रणात मूळ सभागृहाची घुमणूक आधीच आलेली असते. आपल्याला ती झाकायची नाही, आणि वर आपली चढवायची नाही. पण खोली पूर्ण सुकवली तर जवारीची किनार जाते, तानपुरा लाकडी वाटू लागतो. तानपुऱ्याच्या नुसत्या मुद्रणावर हे लगेच कळतं.

कानावर विश्वास नसेल तर मोजता येतं. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि यूएसबीला लागणारा, प्रमाणित केलेला यूमिक-१ सारखा मायक्रोफोन त्याला जोडायचा. फोनचा मायक्रोफोन खालच्या सुरांसाठी भरवशाचा नाही. कानाच्या जागी माइक ठेवून खालपासून वरपर्यंत घसरत जाणारा सूर वाजवायचा. पडद्यावर आलेख येतो. दोनशे हर्ट्झच्या खालचे डोंगर आणि दऱ्या पाहायच्या. आपल्या मापाच्या खोलीत साधारण तिथपर्यंत खोलीचं राज्य असतं आणि त्यावर स्पीकरचं. सूर घसरत असताना घरभर कान द्यावा: फडताळातले पेले, लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची सैल काच, सगळे आपापल्या सुरावर किणकिणतात. ते आधी बंद करावेत. डग्ग्याची म्हणून जी तक्रार असते ती पुष्कळदा पेल्यांची निघते.

शेवटी उरतं ते इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं. आलेखातला डोंगर यंत्रानं कापता येतो आणि खुशाल कापावा. ७० हर्ट्झवर सहा डेसिबल कमी केले तर खर्जाची गुरगुर नक्की उतरते. दरी मात्र भरता येत नाही. तिथं दोन लहरी एकमेकींना खोडत असतात. स्पीकरनं दुप्पट जोर लावला तर खोडणारी लहरही दुप्पट होते, आणि अ‍ॅम्प्लिफायर तेवढा तापतो. अशा वेळी यंत्र बंद करून खुर्ची वीतभर पुढे ओढावी आणि आलेख पुन्हा काढावा.